आकडा मी लिहिला, यादी कुणी केली?

संपादक महोदय,

सभांची इतिवृत्तं लिहिण्यात माझी तीस वर्षं गेली, त्यातली पहिली दहा टाइपरायटरवर. तिथे ७ उमटवला की तो ७च राहायचा. संगणकावर मात्र ओळीच्या सुरुवातीला १, टिंब आणि मोकळी जागा दिली की वर्ड प्रोसेसर ती ओळ आत ढकलतो आणि आकडा स्वतःच्या ताब्यात घेतो. एंटर मारलं की न मागता २ हजर.

नुसती ओळ सरकली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. एका इतिवृत्तात अकरा ठराव होते. दहाव्यात वाक्य होतं, ‘ठराव क्र. ७ मधील अटी यालाही लागू राहतील.’ अध्यक्षांनी ऐनवेळी चौथा ठराव मागे घेतला, मी तो पुसला. खालचे सगळे क्रमांक गुपचूप एकेकाने कमी झाले, देणगीचा ७ झाला ६ आणि खुर्च्यांच्या दुरुस्तीचा ८ झाला ७. वाक्यातला ७ हाताने लिहिलेला, तो जागचा हलला नाही. झालं! दहाव्या ठरावाला देणगीऐवजी खुर्च्यांच्या दुरुस्तीच्या अटी लागू झाल्या, आणि त्याखाली सह्याही पडल्या. नंतर ‘शोधा’मध्ये ७ टाकला, तर फक्त वाक्यातला सापडला, समासातला क्रमांक मजकुरात नसतोच मुळी. पूर्वी आम्ही अशा वेळी ‘४. रद्द’ एवढंच लिहायचो. क्रमांक हे ठरावाचं नाव असतं, शेजारचा गेला म्हणून ते बदलत नाही.

आपोआप क्रमांक वाईट असं मी म्हणत नाही. कच्चा मसुदा दहा वेळा वरखाली होतो तेव्हा ते फार उपयोगी. पण त्यासाठी वरच्या पट्टीत यादीचं बटण आहे ना? ते दाबेपर्यंत आकड्याला आकडाच राहू द्यावं. फार तर ‘यादी करू का?’ असं एकदा विचारावं, आणि नको म्हटल्यावर त्या दस्तऐवजात पुन्हा विचारू नये. यादी झालीच असेल आणि मधली ओळ गेली, तर खालचे क्रमांक बदलल्याचं निदान सांगावं तरी.

सध्या ही खोड कायमची घालवायची तर, उदाहरणार्थ वर्डमध्ये, फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स आणि ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप एवढे उंबरे ओलांडावे लागतात. लगेच कंट्रोल-झेड दाबलं तर तेवढ्यापुरती सुटका होते. हे मला एका नव्या सहकाऱ्याने दाखवलं, माझ्या निवृत्तीला महिना उरला असताना.

– एक निवृत्त लघुलेखिका