तळं उपसू नकोस

कुडाळ,
२ एप्रिल

प्रिय नंदा,

तुझं पत्र काल हाती पडलं. परसातल्या नव्या तळ्याचं पाणी हिरवंगार झालंय, मासे दिसेनासे झालेत, म्हणून रविवारी पंप लावून सगळं उपसायचं आणि तळ घासून काढायचा असं ठरवलंयस. ते वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. पंपवाल्याला आधी नको म्हणून सांग.

ते पाणी घाण नाही गं. त्यात तरंगणारं शेवाळ इतकं बारीक असतं की एकेक पेशी डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो नुसता रंग. त्याला ऊन हवं आणि खत हवं. तुझ्या तळ्यावर सावली नाही, पाणवनस्पती अजून बोटभर, आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया रोज सुटतोय. या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडीवर, भिंतींवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. ती बसायला महिना-दीड महिना सहज लागतो. ते नायट्रेट ओढून घ्यायला झाडंच नाहीत, म्हणून सगळं शेवाळाच्या वाट्याला जातं. तू तळ घासलास की जिवाणू गेले, नव्या पाण्याबरोबर नवे क्षार आले, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा तोच रंग. शिवाय नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांनाही सोसत नाही.

माळीकाका मूठभर मोरचूद टाकू म्हणतात ना? त्यांना हात जोडून सांग, नको. मोरचुदानं शेवाळ मरतं हे खरं, पण गोगलगायी मरतात, मासेही दगावतात. आणि एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. तसंही हिरव्या पाण्यात दिवसा प्राणवायू भरपूर असतो, रात्री मात्र शेवाळ स्वतःच तो वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. एकदा उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन बघ. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत असतील तर कारंजं रात्रभर चालू ठेव. तू ते पाहुणे आले की संध्याकाळी लावतेस आणि झोपताना बंद करतेस. खरी गरज नेमकी त्यानंतर असते.

आता झाडांचं. अर्धं पाणी तरी पानांखाली झाकलं पाहिजे. कमळ फार पसरतं, तुला कुमुदच बरं. कुंडीत चिकणमाती घाल, शेणखत अजिबात नको, वरून वाळूचा थर दे. पाण्याखाली हायड्रिलाच्या जुड्या दगड बांधून सोड. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नकोस. पावसात ती तुझ्या मागच्या ओढ्यात गेली तर नदीपर्यंत पोचेल. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्यायचं. नातवंडांचे मुरमुरे आणि पाव बंद. गुलाबांच्या वाफ्यातलं पाणी उतारानं तळ्यात येत असणार, तेव्हा पावसाळ्याआधी काठ वीतभर उंच करून घे. भिंतीवरचा मऊ हिरवा थर राहू दे. लांब तंतू झाले तर खरबरीत काठीला गुंडाळून काढ आणि खताच्या खड्ड्यात टाक.

इकडे मत्स्यशेती करणारे मुद्दाम शेण घालून पाणी हिरवं करतात, कारण माशांचं खाद्य त्यातच तयार होतं. मग काठावर वाकून हात सरळ पाण्यात घालतात. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसला तर ठीक, त्याआधीच दिसेनासा झाला तर शेवाळ जास्त. तूही दर रविवारी हे करून बघ आणि बोटं कुठे दिसेनाशी होतात ते वहीत लिही. पाणी निवळत जाईल तशी ती खोली हळूहळू वाढेल. मध्येच एखादा आठवडा पाणी पुन्हा दाटेल, घाबरू नकोस.

एक मात्र जपायचं. पाण्यावर निळसर हिरवी, सांडलेल्या रंगासारखी साय धरली आणि कुबट वास आला, तर ते वेगळं प्रकरण. सांडपाणी मिसळून कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला झालं होतं तशातलं. ते विषारी असू शकतं. मोतीला त्या पाण्याला तोंड लावू देऊ नकोस आणि मला लगेच फोन कर.

कुमुदाचे कंद माझ्याकडे जास्तीचे आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळून येत्या एसटीनं पाठवते. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शैला