मुंबई दीड तासावर, पण कुठून?

महोदय,

नागपूर-मुंबई विमानानं दीड तास, हे जो तो सांगतो. हवाई अंतर ७०० किलोमीटरच्या आतच आहे, त्यामुळे हिशेब खरा. पण तो जरा गडचिरोलीतून मांडून पाहा. नागपूर इथून सुमारे १७० किलोमीटर. आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत एसटीला चार तास सहज लागतात. पुढं नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकाहून सोनेगाव विमानतळापर्यंत ऑटोवाल्याशी घासाघीस. विमानतळावर दोन तास आधी हजर राहा म्हणतात. म्हणजे मुलीकडे ठाण्याला जायचं, सकाळचं विमान असलं, तर आम्ही दोघं म्हातारे आदल्या संध्याकाळीच निघतो आणि रात्र बसस्थानकाच्या बाकड्यावर काढतो. सोबत जवसाच्या चटणीचा डबा. तपासणीत तो उघडून दाखवावा लागला, वास सगळ्या रांगेत! (तपासणारा पोरगा हसला, पण डबा सोडला.)

सिरोंचा-भामरागडवाल्यांचं तर विचारूच नका, त्यांना गडचिरोली गाठायलाच अर्धा दिवस जातो.

नवी विमानतळं होतील तेव्हा होतील. तूर्त मध्यरात्री गडचिरोलीहून सुटून पहाटे थेट सोनेगावला सोडणारी एक एसटी द्या. परतीला तीच रात्रीच्या विमानाचे उतारू घेऊन येईल.

— एक निवृत्त शिक्षक, गडचिरोली