प्रिसेप्टर रोज नवा, शिकायचं कुणाकडून?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, आता अमेरिकेत नर्स ॲनेस्थेटिस्ट आहे. तुमचा पेपर रोज फोनवर वाचते. आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, त्यामुळे गावी गेले की आत्या दरवेळी विचारते, "नर्स असून तू भूल देतेस?" इथे हे शंभरच्या वर वर्षं चालू आहे. आधी किमान एक वर्ष आयसीयू, मग निदान तीन वर्षांचा कोर्स, २०२२ पासून येणाऱ्यांना तर डॉक्टरेटच करावी लागते, त्यात २००० तास क्लिनिकल, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर काम.

आपल्या काही मुली आता या कोर्सकडे वळतायत म्हणून लिहितेय. कागदावर नियम कडक आहे, एका प्रिसेप्टरकडे, म्हणजे ओटीत हाताशी धरून शिकवणाऱ्याकडे, एका वेळी दोनच स्टुडंट आणि तो हाकेच्या अंतरावर पाहिजे. पण प्रिसेप्टर रोज बदलतो त्याचं काय? मी शिकत होते तेव्हा सोमवारची बाई म्हणायची ट्यूबला टेप अशीच लाव, मंगळवारचा म्हणणार हे कुणी शिकवलं तुला, मग आपण पेशंटपेक्षा प्रिसेप्टरचा मूडच बघत बसतो. संध्याकाळी फॉर्मवर "गुड जॉब" लिहून सगळे मोकळे.

एकजण मात्र आठवतो. मी श्वासाची ट्यूब टाकली, हवेची बॅग दाबली, तर मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडची रेघ सपाट, म्हणजे ट्यूब श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत. माझे हात गार. त्याने माझ्या हातातला लॅरिंगोस्कोप (ट्यूब टाकताना घसा बघायचं साधन) हिसकावला नाही, नुसतं म्हणाला, "रेघ बघ. आता काय?" ट्यूब काढली, मास्कने श्वास दिला, दुसऱ्यांदा नीट बसली. केस झाल्यावर कॉफी मशीनपाशी उभ्या उभ्या त्याने पेशंटच्या डोक्याची पोझिशन कुठे चुकली ते दाखवलं, पाचच मिनिटं. दुसऱ्या दिवशी तो दुसऱ्याच ओटीत.

आता मीच प्रिसेप्टर आहे. शिकवायचं कसं हे मला कुणीच शिकवलं नाही, एका सकाळी "आज तुझ्याकडे स्टुडंट आहे" एवढंच कळलं, आणि खरं सांगू, स्वतःचे हात पाठीमागे ठेवून उभं राहणं हे भूल देण्यापेक्षा अवघड.

तेव्हा ॲडमिशन घेताना फीबरोबर हेही विचारा, प्रिसेप्टर किती दिवस एकच असतो. आमच्या शेड्यूलवाल्या बाईंना मी गेल्या महिन्यात मेल केलाय, एका मुलीला सलग दहा दिवस माझ्याकडेच ठेवा म्हणून. अजून उत्तर नाही.

आपली,
एक वाचक
(कृपया नाव छापू नये)