अण्णा, तुम्ही लिहून दिलेल्या त्या एका पानाबद्दल

अण्णा, शरणु शरणार्थी. तुमच्या गोकाककडं असंच म्हणतात ना.

हे पत्र मराठीत लिहितेय कारण मला लिहायला तेवढंच येतं. माझी धाकटी तुम्हाला फोनवर कन्नडात वाचून दाखवणार आहे, ती शाळेत शिकलीय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माहिती अधिकाराचा एक अर्ज लिहून देऊन तुम्ही आमच्या वाडीसाठी जे केलं ते तालुक्यातल्या बाकीच्या लोकांना पण कळायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मी मूळची चंदगडकडची. लग्न करून इकडं कर्नाटकात खानापूर तालुक्यात आले त्याला बावीस वर्षं झाली. कन्नड बोललेलं कळतं, बाजारात भाव करण्यापुरतं बोलता पण येतं, पण अक्षर काही लागलं नाही बघा, त्यामुळं लाईट बिल असो, सोसायटीची नोटीस असो नाहीतर पंचायतीची पावती असो, पोरं शाळेतून यायची वाट बघायची आणि त्यांच्याकडनं वाचून घ्यायचं. महाराष्ट्रातनं लग्न करून इकडं आलेल्या कितीतरी बायकांचं हेच आहे. कागद हातात असतो आणि आत काय लिहिलंय ते माहीत नसतं.

2024 च्या मार्चमध्ये आमच्या वाडीतली विहीर तळाला गेली. आमचा तालुका म्हणजे मलप्रभा नदीचं माहेर, कणकुंबीला तिचा उगम, पावसाळ्यात इथं चार चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि त्याच तालुक्यात मार्च ते मे आम्ही डोक्यावर घागरी घेऊन अर्धा पाऊण किलोमीटर चालायचो. पंचायतीनं टाकीपासून वाडीपर्यंत पाईपलाईन टाकलीय असं सगळे म्हणत होते. पण पाईप जांभळीच्या झाडापाशी येऊन संपलेला, तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवलेली. पुढं आमची सोळा घरं. विचारलं की उत्तर एकच, काम चालू आहे, फंड यायचाय.

मी चार बायकांच्या सह्या घेऊन मराठीत अर्ज लिहिला. वर माहितीचा अधिकार असं लिहिलं आणि खाली सगळा राग ओतला, पाणी का नाही, पाईप अर्धवट का ठेवला, आमच्याच वाडीवर अन्याय का, जबाबदार कोण. ऑफिसातल्या माणसानं वरवर बघितला आणि कन्नडात आणा म्हणून परत दिला. मी तिथं काही बोलले नाही पण बाहेर आल्यावर डोळ्यात पाणी आलं हे खरं आहे.

तिथनं खानापूरला आले, झेरॉक्सच्या दुकानात उभी होते आणि तुम्ही बाकावर पेपर वाचत बसलेला. माझ्या हातातला कागद बघून तुम्ही विचारलं, काय ग तंगी, पंचायतीचं आहे काय. तंगी म्हणजे धाकटी बहीण हे मला माहीत होतं. अनोळखी माणूस एकदम बहीण म्हणतो म्हटल्यावर मी पण अण्णा म्हटलं, आणि तेव्हापासून तेच राहिलं. तुम्ही पंचायतीत सेक्रेटरी होता, रिटायर होऊन लेकीकडं आलाय, हे तर मला दुसऱ्या भेटीत कळलं.

तुम्ही माझा अर्ज पूर्ण वाचलात. मराठी तुम्हाला सावकाश वाचायला लागतं तरी एक ओळ सोडली नाही. मग म्हणालात, तंगी, यात सहा वेळा का आहे आणि कागद एक पण मागितलेला नाही. का विचारलं तर ते उत्तर देतीलच असं नाही, पण ऑफिसात असलेला कागद मागितला की तो द्यायला लागतो. हे वाक्य मी घरी येऊन कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मला तोपर्यंत वाटायचं की माहिती अधिकार म्हणजे तक्रार करायचा अर्ज. तुम्ही समजावून सांगितलंत की तक्रार वेगळी आणि हे वेगळं, इथं फक्त त्यांच्या कपाटात आधीच जे आहे ते बघायला मागायचं, आणि कशाला पाहिजे ते सांगायची पण गरज नाही, कायद्यातच तसं आहे. मग बोटं मोजत तुम्ही सांगायला लागला, पाईपलाईनचं एक काम झालं म्हणजे कुठले कुठले कागद तयार होतात, आधी सभेचा ठराव, मग वर्षाच्या प्लॅनमधे नाव, इंजिनियरचं एस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप लिहिलेलं एम बुक, मग बिल आणि पैसे दिल्याचं व्हाऊचर, आणि कामाचे फोटो. यातला एक जरी नसला तरी बिल निघायला नको. आयुष्यभर ज्यांनी स्वतः हे कागद केले त्यांनाच ते असे पाठ असणार.

मग तुम्ही दुकानदाराकडनं कोरा कागद घेतला आणि कन्नडात लिहायला बसला. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत बसवायचा असतो हे मला तिथं कळलं, माझा पहिला तर तीन पानी होता. लिहून झाल्यावर मी सहीला पेन घेतलं तर तुम्ही कागद मागं ओढला. ओदलारद सही माडबारदु, तंगी. न वाचता सही करायची नाही. मी म्हटलं मला वाचता येत नाही ओ अण्णा, तर तुम्ही म्हणालात मग मी वाचतो तू ऐक, आणि एकेक ओळ बोट ठेवून आधी कन्नडात वाचली मग मराठीत सांगितली.

आणि तेव्हा मला काय वाटलं ते मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज सांगते. तुम्ही वाचलं माहिती हक्कु, ते तर आमचंच माहिती आणि हक्क. ठरावु म्हणजे ठराव. अंदाजु पत्रिके म्हणजे अंदाजपत्रक. अर्जी म्हणजे अर्ज. नमुने म्हणजे नमुना. बावीस वर्षं मी ज्या कागदाला भीत होते त्यातले निम्मे शब्द मला आधीच येत होते, फक्त अक्षर वेगळं होतं. आमच्या भागात भाषेवरनं किती बोललं जातं ते सगळ्यांना माहीत आहे, मराठीत कागद मिळावा ही आमची मागणी जुनी आहे आणि माझं पण मत तेच आहे, ते मी तुम्हाला तिथंच सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात ती मागणी सोडू नको, पण तोपर्यंत पाणी थांबायला नको. कायद्यात इंग्लिश, हिंदी नाहीतर त्या भागाची सरकारी भाषा असं आहे, म्हणून आज कन्नडात देऊ. आणि जिला लिहिताच येत नाही तिचं तोंडी ऐकून घेऊन लिहायला मदत करायची जबाबदारी त्या अधिकाऱ्याची आहे, हे पण त्याच कलमात आहे म्हणालात. हे आमच्या वाडीत कुणालाच माहीत नव्हतं.

फी 10 रुपये. बीपीएल कार्ड असेल तर ती पण लागत नाही, कार्डाची झेरॉक्स जोडायची, पण आमचं कार्ड तेव्हा नाव वाढवायला दिलेलं म्हणून पोस्टल ऑर्डर काढली. दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथनं हलायचं नाही असं तुम्ही तीनदा बजावलंत. ती शिक्क्याची कॉपी नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

उत्तराची तीस दिवसांची मुदत संपली, काही आलं नाही. मी तर सोडूनच दिलं होतं, मे महिना, लग्नसराई, पाणी भरण्यात दिवस जायचा. तुमचाच फोन आला, तारीख मोजलीस काय म्हणून. तुम्ही तारीख तुमच्या डायरीत लिहून ठेवलेली होती, माझ्या अर्जाची. मग पहिलं अपील, तालुका पंचायतीच्या ईओंकडं, म्हणजे कार्यकारी अधिकाऱ्याकडं, त्याला फी नाही. सुनावणीला तुम्ही गुडघा दुखत असताना आलात आणि आत मात्र मलाच बोलायला लावलंत. मी तिथं रागानं वेळेत माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दंडाचं काढलं, दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25 हजार, कुणीतरी सांगितलेलं. बाहेर आल्यावर तुम्ही समजावलंत की दंड लावायचं काम माहिती आयोगाचं, ते दुसऱ्या अपिलाच्या वेळी बघू, तिथं खुर्चीवर बसलेला पण माणूस आहे, त्याच्याकडं दहा कामं आहेत, आपल्याला दंड नको, कागद पाहिजे. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटतंय.

जुलैत कागद आले. मुदत टळली होती म्हणून पानांचे पैसे घ्यायचे नसतात, ते पण तुम्ही सांगितलेलं, नाहीतर आम्ही पानाला 2 रुपयांप्रमाणे देऊन आलो असतो. तुम्ही एसटीनं वाडीत आलात, आमच्या सोप्यात बसलात, बाहेर पाऊस धो धो, आणि बारा पंधरा बायका अंग चोरून भोवती. तुम्ही वाचायचं आणि मी वहीत मराठीत उतरून घ्यायचं. एम बुकाच्या पानावर आलात आणि थांबलात. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. टाकीपासून वाडीच्या टोकापर्यंत पाईप 420 मीटर, काम पूर्ण, बिल दिलं.

कुणी काही बोललं नाही. मग आमच्या सासूबाई म्हणाल्या, मोजून येऊया की.

सुतारमामांचा तीस मीटरचा टेप घेतला, डोक्यावर खोळ घेतली आणि सगळ्या निघाल्या. तुम्ही छत्री धरून टाकीपाशी उभे, चिखलात चप्पल रुतलेली. दर तीस मीटरला एक खुंटी ठोकायची, एकीनं मोठ्यानं आकडा म्हणायचा, मी वही पदराखाली धरून लिहायचं. जांभळीपर्यंत 265 मीटर भरलं. दुसऱ्यांदा मोजायला तुम्हीच लावलंत, म्हणालात आपला आकडा चुकला तर आपण खोटे पडतो. दुसऱ्यांदा पण तेवढंच. म्हणजे 155 मीटर पाईप फक्त कागदावर होता, आणि त्या 155 मीटरच्या पुढं आमची घरं होती.

मला त्या दिवशी जाऊन भांडायचं होतं. तुम्ही म्हणालात थांब, जमाबंदी येतेय. पंचायतीत दरवर्षी जमाबंदी होते, वरच्या ऑफिसातनं अधिकारी येतो, लोकांसमोर हिशोब वाचतात आणि कामं बघायला जातात, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सतरा जणी गेलो. एम बुकाची झेरॉक्स आणि आमची वही एवढंच नेलं. मी उभी राहून दोन आकडे वाचले आणि साहेबांना म्हटलं चला, टेप आणलाय. ते आले. त्यांच्यासमोर परत मोजलं.

कोण चुकलं, कुणाकडनं वसूल झालं, त्याची चौकशी वेगळी झाली, त्यात मी इथं जात नाही. दिवाळी झाल्यावर उरलेला पाईप पडला.

चर खणत होते तेव्हा मी तिथंच बसून होते. दुपारची भाकरी पण तिथंच खाल्ली.

तुम्ही मला राजस्थानातल्या त्या मजदूर किसान शक्ती संघटनेचं सांगितलेलं, गावोगावी जनसुनावणीत कामाचे कागद मोठ्यानं वाचायचे आणि लोक उठून सांगायचे हे काम झालंच नाही, 1996 ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं धरून बसले, आणि मग पुढं 2005 चा माहिती अधिकार कायदा आला. आपल्या कर्नाटकानं तर त्याच्या आधी 2000 सालीच स्वतःचा कायदा केला होता, तेव्हा तुम्ही नोकरीत होता. तेव्हा मी नुसतं हो हो केलं होतं, डोक्यात पाणीच होतं. आता कळतं की आमच्या सोप्यात तुम्ही जे केलंत ते तेच होतं. आणि एक गोष्ट मला खरंच लागते, ही माहिती पंचायतीनं न मागता बोर्डावर लावायची असते, 2005 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. ती लावली असती तर एक बाई बावीस वर्षांनी रडत झेरॉक्सच्या दुकानात आली नसती.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. एसटीचं तिकीट पण काढू दिलं नाहीत. दोन पायल्या तांदूळ दिले ते लेकीच्या घरी ठेवतो म्हणून घेतलेत, नाहीतर ते पण नको म्हणत होता. आता तुम्ही परत गोकाकला गेलाय, झेरॉक्सच्या दुकानातला तो बाक रिकामा दिसला की चुकल्यासारखं होतं.

तुमच्या हातची ती कॉपी, शिक्का असलेली, मी प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेवलीय. ती समोर ठेवून मी अक्षरं गिरवतेय अण्णा. धाकटी शिकवते. माहिती हक्कु एवढं न बघता लिहिता येतं, आणि माझं नाव. परवा शेजारच्या वाडीतल्या दोघी रस्त्याच्या दिव्यांचं घेऊन आल्या होत्या, त्यांच्या पण अर्जात नुसतं का आणि का. मी त्यांना बसवलं आणि कुठले कागद असतील ते बोटावर मोजून सांगितले. एक मला आठवेना, वर्क ऑर्डर, म्हणून तुम्हाला फोन केला होता, तुम्ही देवळात होता.

गुडघ्याला तेल लावत जा. पाणी सकाळी सहाला सुटतं, तासभरच असतं, म्हणून याल तेव्हा आदल्या दिवशी मुक्कामालाच या, वहिनींना घेऊन. पहिली घागर तुमच्या हातनं भरायची असं सासूबाईंनी तेव्हाच ठरवलेलं, तुम्ही आला नाहीत म्हणून ते राहिलंय.

तुमची तंगी