गावच्या दुकानातून घ्या, पण पारखून घ्या

संपादक महोदय,

गोव्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की 'भेटवस्तू गावच्या दुकानातूनच घ्या' अशी आवाहने सुरू होतात. आवाहन रास्त आहे, पण दुकानात गेल्यावर काय बघायचे ते कोणी सांगत नाही. मग लोक एकदा भिडेखातर घेतात, काजू खवट निघतात, आणि पुढच्या वर्षी लेकीच्या सासरी पाठवायचे वजे, म्हणजे सणाच्या भेटीची टोपली, मॉलमधल्या चकचकीत हॅम्परने भरते. छोटे दुकान परवडते, पण माल पारखता आला तरच.

काजूपासूनच सुरुवात करू, कारण गोव्यातली भेट बहुतेक वेळा तिथेच येऊन थांबते. दर्जाचे आकडे समजायला सोपे आहेत. 'डब्ल्यू 320' म्हणजे एका पौंडात, अर्थात 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 अख्खे गर. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. घरच्या काट्यावर 100 ग्रॅम घेऊन मोजा. 320 चे साधारण 66 ते 70 गर भरतात, 240 चे 48 ते 53, तर 180 चे चाळिसाच्या आत. भाजल्यावर ओल उडते, म्हणून खारवलेल्या काजूत दोन-चार गर जास्त निघतील. सालीच्या काजूंना हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. पण 240 चा भाव देऊन 70 गर हातात आले, तर दुकानदाराला विचारायचा हक्क आपला आहे, आणि ओळखीच्या पसरकाराला, म्हणजे गावच्या किराणावाल्याला, तो विचारताही येतो. साखळी दुकानातल्या पाकिटावर दर्जाचा आकडा असला तर वाचायचा, नसला तर 'प्रीमियम' या शब्दावर समाधान मानायचे.

हॅम्परमध्ये खरी गोम वजनाची असते. खिडकीचा मोठा खोका, आत प्लास्टिकचे खण, वर सॅटिनची फीत, आणि काजू भरतात 200 ग्रॅम. समजा किंमत 399 रुपये, म्हणजे किलोला 1,995 रुपये पडले. काजूच्या साध्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती आधी वाचावी. चार जिनसांच्या हॅम्परवर बहुधा एकूण किंमतच असते, तेव्हा प्रत्येक जिनसाचे वजन उलगडून बेरीज स्वतः करावी. कित्येकदा त्या बेरजेत खोकाच सर्वांत महाग निघतो.

सुट्या काजूंचा धोका वेगळा. गर दुकानात येतो तो बहुधा 11.34 किलोच्या, म्हणजे 25 पौंडांच्या, बंद डब्यातून. डबा फुटला की हवेतली ओल लागायला लागते, आणि चवथ तर ऐन पावसात. म्हणून 'ताजे आहेत का?' असे विचारू नका, त्याला एकच उत्तर येते. 'डबा कधी फोडला?' असे विचारा. एक गर घेऊन मोडा. कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर ओल लागली आहे. तुटलेल्या जागी वास घ्या. जुन्या खोबरेल तेलासारखा वास आला तर तो माल घेऊ नका, मग दहा टक्के सूट असली तरीही.

आणि 'गोव्याचे काजू' या पाटीबद्दल. गोवा काजूला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पाटी लावणारा प्रत्येक जण त्या मानांकनाचा नोंदणीकृत वापरकर्ता असतोच असे नाही. भारतात आफ्रिकेतून कच्ची बी मोठ्या प्रमाणावर येते, इथे फोडली जाते, इथेच पाकिटात भरली जाते. पाकिटावर गोव्याचा पत्ता असला तर माल गोव्यात भरला एवढेच त्यातून कळते, पिकला कुठे ते कळत नाही. इथली बी फेब्रुवारी ते मे या काळात येते. दुकानदार ती कोणत्या भागातून घेतो हे त्याला सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही तर माल वाईट आहे असे नाही, मात्र गावठी म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

गोडाच्या बाबतीत चूक होते ती घाईत. बेबिंक या थराथरांच्या गोड पदार्थात अंड्याचे बलक असतात. शाकाहारी घरात ते पाठवून दोन्हीकडची पंचाईत करण्यापेक्षा दोदोल द्यावे: तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा गूळ. पाकिटावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण बघावा. बेसनाच्या कांड्या, गूळ, आले आणि तीळ यांचे खाजे फेस्तातल्या, म्हणजे चर्चच्या जत्रेतल्या, खाजेकाराकडून घेतलेले उत्तम, पण पावसात गुळाला लगेच पाणी सुटते. कागदी पुड्यात आणलेले खाजे घरी आल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि वज्यात ठेवताना केळी-पेरूंपासून दूर ठेवा.

लग्नात समई द्यायची तर म्हापसा किंवा मडगावच्या भांडेबाजारात जावे, जिथे ती किलोच्या भावाने मिळते. शोभेच्या साखळी दुकानात ती नगावर असते आणि वजन कुठेच लिहिलेले नसते. वजनावर घेतानाही आधी तळ उलटा करून बघा. काही समयांच्या पोकळ बैठकीत लाख किंवा प्लास्टर भरलेले असते, आणि ते आपण पितळेच्या भावाने घरी नेतो. मग दांड्याचे आटे फिरवून बघा. दोन-तीन वेढ्यांत घट्ट बसून सरळ उभी राहिली पाहिजे; पाव वेढा सैल असेल तर तेल भरल्यावर समई कलते. वरच्या ताटलीत पाणी घालून पाच मिनिटे ठेवा आणि खालून बोट फिरवा, ओतकामातले बारीक छिद्र लगेच कळेल. फार चकाकणारी समई असेल तर वर लॅकर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक लेप, आहे का विचारा. लॅकरचा थर वातीजवळ जळून काळा पडतो आणि चिंचेने घासला तरी डाग जात नाही. माल बहुधा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचा असतो म्हणून नाक मुरडायचे कारण नाही. दुकान गावचे असते ते दुरुस्तीसाठी: आटे झिजले तर समई परत कुठे न्यायची ते ठाऊक असते.

कुणबी साडीबद्दल थोडक्यात. चौकडी छापलेली असेल तर उलट बाजूने फिकट दिसते, विणलेली असेल तर दोन्हीकडून सारखी. डिचोलीच्या मातीच्या वस्तू दिवाळीसाठी हव्या असतील तर मागणी पावसाआधी नोंदवा. जून ते सप्टेंबर माती वाळत नाही, आणि घाईने भाजलेले भांडे तडकते.

साखळी दुकाने लोकांना का आवडतात हेही सांगितले पाहिजे. तिथे पावती मिळते, माल बदलून मिळतो, आणि दुपारी एक ते साडेतीन कुलूप नसते. मुलांचे कपडे द्यायचे असतील तर माप चुकण्याची शक्यता इतकी की तिथेच घेतलेले बरे. गावच्या दुकानदारांनी यातले निदान पावतीचे मनावर घ्यावे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे पावतीवर मुदत लिहिली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. पावती न देणेही त्यातच मोडते. तक्रारीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. रंग आवडला नाही, घरी दुसरी समई आहे, ही कारणे मात्र कायद्यात बसत नाहीत. तिथे दुकानाच्या मर्जीचा प्रश्न येतो. भेटीबरोबर देण्यासाठी किंमत न लिहिलेली, फक्त तारीख आणि वस्तू लिहिलेली बदलचिठ्ठी दुकानदाराने दिली तर निम्मी गिऱ्हाइके मॉलपर्यंत जाणारच नाहीत. खर्च काय, एका शिक्क्याचा.

जाता जाता, गावचे आणि साखळीचे अशी सरळ वाटणी करताना 'गोवा बागायतदार' या संस्थेची दुकाने विसरू नयेत. शाखा अनेक, पण संस्था सहकारी, आणि काजू-सुपारी ती बागायतदारांकडून घेते. तिला कोणत्या रकान्यात घालायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

लग्नासाठी किंवा कार्यालयासाठी पन्नास-शंभर पुडे सांगणार असाल तर पावतीवर नुसते 'काजू' लिहून घेऊ नका. 'डब्ल्यू 240, खारवलेले, 250 ग्रॅम, 60 पुडे, अमुक तारखेला' असे पूर्ण लिहून घ्या. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका. पसंत केलेल्या मालाचा एक पुडा बंद करून, त्यावर दोघांची सही घेऊन घरी ठेवा. माल आला की कोणतेही तीन पुडे फोडून त्याच्याशी ताडून बघा, आणि मगच बाकीचे पैसे द्या.

आपला,
एक वाचक, फोंडा