लोकलमधल्या काकूंना, मनापासून थँक्यू

काकू, तुम्ही रिटायर झाल्यापासून संध्याकाळच्या डोंबिवली लोकलला लेडीज डब्यात चुकल्यासारखं होतं. फोनवर हे कधी नीट बोलताच येत नाही, म्हणून लिहितेय.

माझा रिपोर्ट दाखवला होता तुम्हाला, आठवतंय? एचबीएवनसी, ती रक्तातल्या साखरेची तपासणी, 6.2. मी पार घाबरले होते. तुम्ही आयुष्यभर नर्सचं काम केलेलं, तुम्ही शांतपणे समजावलंत की ही साखरेची तीन महिन्यांची सरासरी असते, 5.7 ते 6.4 म्हणजे अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर, इथून मागे फिरता येतं. आणि मग विचारलंत, "अगं, पण तू खातेस कधी?" काय खातेस हे सगळेच विचारत होते, कधी हे कोणीच नाही.

तेव्हा रडत रडत सगळं सांगितलं. स्टेशनबाहेर फरसाणचं पाकीट आणि पाव किलो काजूकतली घ्यायची, घरी येऊन लाईट न लावता ओट्याशी उभं राहून, पर्स खांद्यालाच, पाकीट दाताने फोडून खायचं. दिवसभर सगळ्यांचं ऐकलं ना, मग हे माझं. लहानपणापासून तेच, पास झालं की पेढे, रडलं की गोळी. आईला दोष नाही देत, लाड करायला तिच्याकडे तेवढंच होतं.

तुम्ही ओरडला नाहीत. म्हणालात, हात पाकिटाकडे गेला की स्वतःला विचार, आत्ता वरण-भात चालेल का? चालेल तर भूक आहे, जेव. फरसाणच पाहिजे असेल तर दुसरंच काहीतरी झालंय, ते वहीत लिही. वही पण तुम्हीच दिलीत. पंधरा दिवसांत नऊ वेळा लिहिलं होतं "साहेब सगळ्यांसमोर बोलले", भूक फक्त दोनदा. दिवाळीत सगळं परत मोडलं तेव्हाही तुम्ही "वही आहे ना जवळ?" एवढंच विचारलंत, आणि मग ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत मी साहेबांबद्दल बोलत राहायचे, तुम्ही ऐकत राहायचात, उतरेपर्यंत निम्मं ओझं गेलेलं असायचं.

आता 5.8 आहे काकू.

आणि परवा लेकीचा गणिताचा पेपर वाईट गेला, रडतच घरी आली, माझ्या तोंडावर "चल आईस्क्रीम खाऊया" आलंच होतं. नाही म्हटलं. जवळ घेऊन बसले, पाऊण तास बोलत होती. मग दोघींनी आमटी-भात खाल्ला, तेव्हा खरंच भूक लागली होती.