रंकाळ्याचं पाणी पहाटे मोजा

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : कोल्हापूरच्या रंकाळा तलावातला व पंचगंगा नदीतला विरघळलेला ऑक्सिजन चोवीस तास मोजण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

रंकाळ्याच्या पाण्याचा अहवाल मी माहिती अधिकारात मागवला होता. विरघळलेला ऑक्सिजन ‘समाधानकारक’. खाली नमुना घेतल्याची वेळ : दुपारी सव्वाबारा. आधी हसू आलं, मग चिडलो.

मी रसायनशास्त्र शिकवतो. त्याच आठवड्यात काचेच्या बुचाच्या बाटल्या घेऊन रंकाळ्यातल्या संध्यामठाच्या बाजूला गेलो. एकदा दुपारी तीनला, एकदा पहाटे साडेपाचला. पाण्यातला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत १८८८ सालची, पण अजूनही डोळ्यांसमोर सगळं मांडते. पाण्यात मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कलीयुक्त आयोडाइड. ऑक्सिजन असेल तर साका तपकिरी बसतो, नसेल तर पांढराच राहतो. दुपारच्या बाटलीत काकवीसारखा गडद साका बसला. पहाटेचा मात्र ताकासारखा, जेमतेम पिवळसर.

यात जादू काही नाही. शेवाळ उन्हात इतका ऑक्सिजन सोडतं की हवेच्या संपर्कात पाणी एरवी धरतं त्याहून तो जास्त होतो. रात्री बनवणं बंद. पण शेवाळ, मासे, गाळातले आणि नाल्याच्या मैल्यावर जगणारे जीवाणू श्वास घेतच राहतात. सूर्योदयाच्या सुमाराला पातळी सगळ्यात खाली जाते. माशांचा जीव गुदमरतो तो तेव्हा, आणि नमुन्याची गाडी येते ऊन वर आल्यावर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, मत्स्यपालनासाठी ४. तो दुपारी पाळला जाऊन पहाटे मोडला, तर कुठल्या कागदावर दिसणार?

चोवीस तासांचा आलेख मिळाला तर पाण्याचं जगणंच वाचता येतं. हॉवर्ड ओडम यांनी १९५६ मध्ये वाहत्या पाण्यासाठी ही रीत मांडली. रात्री ऑक्सिजन ज्या वेगानं उतरतो त्यावरून श्वसन काढायचं, दिवसाच्या चढात ते मिळवलं की एकूण उत्पादन. मात्र हवेतून पाण्यात येणारा-जाणारा ऑक्सिजन हिशेबात धरावा लागतो, आणि इथे पंचगंगेवरचे आमचे बंधारे आडवे येतात. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ राज्यभर आमच्या नावानं ओळखला जातो, अभिमान आहेच. पण बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागचं पाणी निवांत पडतं आणि हवेशी त्याचा व्यवहार मंदावतो. म्हणून रंकाळ्याचा आकडा पंचगंगेला लावून चालणार नाही.

आलेखातही एक खोट राहते. रात्रीचंच श्वसन दिवसाही तेवढंच चालतं, असं त्यात धरलेलं असतं. दिवसा खरी दिसते ती फक्त शिल्लक. गूळ मार्केटमधल्या दोन अडत्यांच्या गल्ल्यात संध्याकाळी शिल्लक सारखी असेल, पण एकाची उलाढाल हजारांची, दुसऱ्याची लाखांची. पाण्यातली ही उलाढाल ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्याच कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून कळते. त्याचे बहुतेक अणू १६ वजनाचे, हजारात दोनेक १८ चे. हवेतल्या ऑक्सिजनमध्ये या जड अणूंचं प्रमाण समुद्राच्या पाण्यातल्यापेक्षा हजारी सुमारे २४ नं जास्त असतं. शेवाळ पाणी फोडून जो ऑक्सिजन सोडतं तो त्या पाण्याइतकाच हलका असतो; श्वास घेणारे जीव हलका आधी उचलतात, जड मागे उरतो. उरलेल्याचं जडपण मोजलं की किती बनला आणि किती खपला यांचं गुणोत्तर हाती येतं.

हे काम दर महिन्याला नको. उन्हाळ्यात, पावसाळ्यानंतर आणि थंडीत एकेकदा नमुने अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेसारख्या, समस्थानिकांवर काम करणाऱ्या संस्थेशी बोलून पाठवता येतील. बाटली भरताच त्यात मर्क्युरिक क्लोराइड टाकायला लागतं, नाहीतर वाटेतही आतले जीव श्वास घेत बसतील.

रोजच्यासाठी मात्र रंकाळ्यात दोन आणि राजाराम बंधाऱ्याच्या वर-खाली एकेक सेन्सर बसवा. दर पंधरा मिनिटांची नोंद, सगळ्यांना बघता येईल अशी. शेवाळ सेन्सरवरही चढतं, तेव्हा आठवड्याला तो पुसणाऱ्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात आधीच धरा. नाहीतर केंदाळात अडकलेलं आणखी एक यंत्र आम्ही कट्ट्यावर बसून बघू.

तोवर निदान एक आदेश काढा, त्याला पैसा लागत नाही : पुढचा नमुना पहाटे साडेपाचला घ्यावा, आणि अहवालात वेळ ठळक छापावी. गाडी आली तर मी संध्यामठाजवळ असेनच.

आपला,
रंकाळ्यावर रोज फिरायला येणारा एक शिक्षक
कोल्हापूर